पार्टीचं उष्टं

गांडुळं मेली. झाडून सगळी मेली. आणि मेली ती मेली, वर खापर फुटलं कुणाच्या डोक्यावर, तर पाचवीतल्या टिकलीच्या!

विज्ञानाच्या बाई सोमवारी दाढ काढून, सुजलेला गाल धरून मधल्या सुट्टीत शाळेत पोचल्या, तर वर्ग चिडीचूप. टिकली शेवटच्या बाकावर डोकं खाली घालून बसलेली. काय झालं ते तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. सकाळी जिन्याखालच्या गांडूळखताच्या पेटीला घाण वास येत होता, आणि गांडुळं पेटीच्या कडांवर चढून तिथेच वाळून गेली होती. हेडसरांनी विचारलं, शुक्रवारी खाऊ घालायची पाळी कुणाची? टिकलीनं हात वर केला. वर त्या वेडीनं आपणहून सांगितलं की संत्र्याची एक साल चुकून पडली होती. झालं! प्रार्थनेनंतर माइकपुढे उभं करून हेडसरांनी तिला अख्ख्या शाळेला सॉरी म्हणायला लावलं.

"तुम्ही सांगितलं होतं ना बाई, संत्र्याची साल नको म्हणून," टिकली मान वर न करता म्हणाली. "मीच मारली."

"अगं, एका सालीनं काही होत नाही गं त्यांना!"

पण बाईंचं कोण ऐकतंय? हेडसर माइकवरून बोलले, म्हणजे तेच खरं. टिकलीनं डबाही उघडला नव्हता.

बाई तडक जिन्याखाली गेल्या. शाळा उघडल्यापासून पोरांनी ही गांडुळं जीव लावून सांभाळली होती. रोज कॅन्टीनमधली भाजीची देठं नाहीतर फळांची सालं, तीही मूठभरच. आधीचं संपल्याशिवाय नवं नाही. तेलकट नको, खारट नको, हे पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. बाईंनी वरचा ओला कागद उचलला, आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. आत चांगलंच तापलं होतं! तेलात थबथबलेला भात, सॉस, आणि त्याच्याखाली गुलाबी क्रीमच्या केकचा हा एवढा गोळा.

केक? पाचवीची पोरं केक पोटात टाकतील, पेटीत कशाला टाकतील!

शुक्रवारी संध्याकाळी शाळेत देणगीदारांची पार्टी होती. बाईंनी कॅन्टीनच्या मावशींना गाठलं.

"हेडसरांनीच टाकायला लावलं हो," मावशी म्हणाल्या. "पाहुण्यांना पेटी दाखवायची होती, रिकामी दिसत होती म्हणे. सगळे ट्रे त्यांच्यासमोर उलटे केले. टाळ्यासुद्धा वाजल्या."

टाळ्या! सुट्टीचे दोन दिवस ते उष्टं बंद पेटीत कुजत, तापत राहिलं आणि बिचारे जीव आत शिजून, नाहीतर कडांवर पळून वाळून मेले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हेडसरांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अहो बाई, कचरा खाणारे किडे ते, कचराच दिला ना त्यांना? नवे आणून टाकू."

"आणि टिकली?"

"लहान आहे, विसरेल. उलट जबाबदारी शिकली."

"जबाबदारी? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही तुमची जबाबदारी? उद्या त्याच माइकवर खरं काय ते सांगा, सर. नाहीतर मी सांगेन."

"हेडमास्तर कधी पोरांची माफी मागतो का? तुमच्या दाढेचं दुखणं डोक्यात गेलंय. घरी जा."

बाई घरी गेल्या, पण राग काही कमी झाला नाही. रात्रभर गाल ठणकत होता, त्याहून जास्त डोकं.

मंगळवारी प्रार्थना झाली. हेडसरांनी नखं कापण्याबद्दल सांगितलं, चपला ओळीत ठेवण्याबद्दल सांगितलं. गांडुळांबद्दल अवाक्षर नाही. बाई पुढे आल्या आणि त्यांनी सरळ माइकच काढून घेतला.

"टिकलीनं गांडुळं मारलेली नाहीत. शुक्रवारी हेडसरांनी पेटीत पार्टीचं उष्टं भरायला लावलं. ते तापलं आणि त्यात ती मेली."

सगळ्या पोरांच्या माना हेडसरांकडे वळल्या. सर कसनुसं हसले. "असू दे, असू दे. चूक कुणाच्याही हातून होते. आपण सगळेच यातून शिकलो. चला, वर्गात चला."

तेवढ्यात पाचवीच्या रांगेतून टिकली उठली. लालबुंद झाली होती. रडत मात्र नव्हती.

"मग माझं सॉरी मला परत द्या!"

"खाली बस," हेडसर म्हणाले.

"नाही बसणार! ते तुमचं होतं! तुमचं सॉरी मला म्हणायला लावलंत तुम्ही!"

हेडसरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी माइक त्यांच्या हातात दिला आणि त्या बाजूला झाल्या. वर्गात जायला सांगितलं होतं, पण एकही पोर जागचं हललं नाही.