आतला कोपरा

जिनिव्हाजवळच्या जू खोऱ्यातल्या घड्याळांच्या कारखान्यात युगेट काप्तने तीस वर्षं कानस चालवली. आरपार दिसणाऱ्या घड्याळातल्या धातूच्या नाजूक पट्ट्यांचे आतले कोपरे टोकदार लागतात, आणि ते हातानेच साधतात. मग यंत्र आलं. कोपरे गोलसर राहू लागले, तरी गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही. युगेटला तयार घड्याळं डब्यांत भरायला बसवलं.

एके सकाळी मॅनेजर ओबेर आला. "युगेटबाई, जरा जुन्या टेबलाशी बसा. जाहिरातीला फोटो हवाय."

"यंत्राचा काढा की!"

"यंत्राला कोण भुलतंय? नुसती कानस धरा."

फोटोवाल्याचे दिवे लागेपर्यंत तासभर गेला. कानस हातात आल्यावर युगेटला राहवेना. तिने टेबलावरच्या एका पट्टीचा कोपरा घासून अगदी टोकदार केला.

ओबेरने भिंगातून पाहिलं. "सुरेख! पण आता ही बाकीच्यांशी जुळत नाही हो." त्याने पट्टी भंगारात टाकली.

वसंतात जिनिव्हाच्या विमानतळावर जाहिरात झळकली: दोन हात, आणि खाली 'हाताने घडवलेलं'.

"अगं, हे तुझेच ना?" सोबतच्या बहिणीने विचारलं.

"नाही," युगेट म्हणाली आणि पुढे चालू लागली.