चौकातला अभिप्राय

पूर्णिमानं मंगळवार पेठेतल्या वाचनालयाचं शटर वर केलं, ओल्या फडक्यानं लांब टेबल पुसलं आणि ताजी वर्तमानपत्रं नीट मांडून ठेवली. रस्त्याकडची खिडकी मात्र तिनं बंदच ठेवली. तिच्यातून चौकातला फ्लेक्स दिसे. त्यावर फेटा बांधलेला गैबी, त्यानं काढलेल्या 'तुफानवीर' या कॉमिकचं मुखपृष्ठ आणि खाली ठळक अक्षरांत अभिप्राय : 'अफलातून! घरोघरी हवंच. – पूर्णिमा, ग्रंथपाल.'

पेठेत कुणाचं काही चांगलं झालं की फ्लेक्स लागतोच. गैबी तर फ्लेक्सच्याच दुकानात डिझाइन करायचा. तो कॉमिक घेऊन आला तेव्हा तिनं चार पानं चाळली होती आणि सत्काराला नारळ द्यावा तसे दोन शब्द देऊन टाकले होते. वाचलं ते काल. अनाथ मुलगा, अंगावर पडलेली वीज, शहर बुडवायला निघालेला शास्त्रज्ञ आणि अखेरीस तोच हरवलेला बाप. पान उलटण्याआधीच पुढचं दिसत होतं.

"काय ओ मॅडम," रोजचे वाचक हंबीरराव पेपर ओढून घेत म्हणाले, "तुमचं नाव बघून नातीला घेतलं की ते! पोरगी अर्ध्यातच म्हणती, आजोबा, ह्यो शास्त्रज्ञच बाप असणार बघा. तुम्ही वाचलासा न्हवं?"

पूर्णिमा नुसती हसली आणि त्या हसण्याचीच तिला लाज वाटली.

थोड्या वेळानं गैबी आला. चेहरा फुललेला.

"ताई, आज मालकाला सांगतो, काम सोडलं म्हणून. दुसरा भाग घरात बसूनच काढणार. ह्या टायमाला तुफानवीराचा जुळा भाऊ येतोय. वाईट हाय त्यो! बायको, नजीरा, म्हणती, जरा दमानं घ्या. म्हटलं, ताईंनी अफलातून म्हटलंय, आनि कुणाला इचारू?"

'छान' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. तिनं तो गिळला.

"गैबी, तो अभिप्राय दिला तेव्हा मी ते वाचलंच नव्हतं. काल वाचलं."

"मग?"

"चित्रं तुझी आहेत. गोष्ट तुझी नाही. ती सगळ्यांनी आधीच वाचली आहे."

हंबीररावांच्या हातातला पेपर सळसळायचा थांबला. गैबीनं खाली पाहिलं.

"तवाच बोलायचं की, ताई. फेटा बांधून पेठंत हिंडलो मी."

"चुकलं माझं."

तो दाराकडं वळला. तिनं टेबलाशी आणखी एक खुर्ची ओढली आणि कपाटातलं कॉमिक काढून पुढ्यात ठेवलं.

"ये. पहिल्यापासून वाचू. पुढचं आधीच कळलं की थांबायचं."

गैबी उंबऱ्यातच थांबला. मग येऊन खुर्चीच्या कडेवर टेकला. पूर्णिमा मोठ्यानं वाचू लागली. दुसऱ्याच पानावर ती थांबली.

"इथं."

गैबीनं पान स्वतःकडं सरकवलं, निरखून पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला.

पूर्णिमानं पुढचं पान उलटलं.