गुडघ्याच्या चार बोटं खाली

मी एक शिनगार्ड बोलतोय. फुटबॉल खेळणाऱ्याच्या नडगीवर, मोज्याच्या आत, प्लास्टिकचा कडक पट्टा असतो ना, तो मी. मैदानावर मी कुणाला दिसत नाही. बुटांचे फोटो निघतात, जर्सीवर नाव असतं. माझ्या वाट्याला घाम आणि लाथा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तेच माझं काम. माझं दुखणं वेगळं आहे.

जालंधरच्या एका कारखान्यात मी साच्यातून निघालो. आतून अस्तर लावून, जोडीदारासह मला पिशवीत भरलं. तुळिंजच्या बाजारात एका दुकानात क्रिकेटच्या बॅटींमागे मी बरेच दिवस लटकत होतो. मग एकदा रोशनी आली. ती त्याच गल्लीत मोबाइलच्या दुकानात कामाला होती.

"भावाला पाहिजे," ती दुकानदाराला म्हणाली. "मोज्यात पुठ्ठा घालून खेळतो. घामाने पार लगदा होतो त्याचा."

भाऊ म्हणजे मितेश, भुईगावचा. वडील काशीराम वाडीत केळी आणि भाजी पिकवायचे, आई ती बाजारात विकायची. मितेशने शाळा लवकर सोडली होती. स्वभावाने इतका लाजरा, की मैदानात बॉल हवा असला तरी ओरडायचा नाही, टाळी वाजवायचा. चर्चच्या मैदानावर पोरांना शिकवणारे फेबियन सर त्याला म्हणायचे, "अरे, तू फुटबॉल खेळतोस की भजन करतोस?"

पण सरांनीच त्याला मैदानाच्या मधोमध टाकलं. मिडफिल्डर. मागच्याकडून बॉल घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. कौतुक पुढच्याचं होतं, लाथा मधल्याला चारही बाजूंनी बसतात. म्हणून त्याची आणि माझी गाठ घट्ट बसली. डाव्या नडगीवर मी, उजव्या नडगीवर माझा जोडीदार. पुढे क्लबने नवे कोरे शिनगार्ड दिले, तरी हा पठ्ठ्या मलाच बांधायचा. रोशनीने दिलेत, एवढंच त्याचं कारण.

हो, क्लबने. मितेश व्यावसायिक खेळाडू झाला. आधी मुंबईत, मग गोव्याच्या एका क्लबमध्ये. पगार, डॉक्टर, जेवणाचं वेळापत्रक, सगळं. सुट्टीत घरी आला की काशीराम हमखास विचारायचे, "या टायमाला गोल किती केलेस?"

"पास दिले, बाबा."

"म्हन्जे गोल दुसऱ्यानं केले."

"हो."

"मग तुला पगार कशाचा देतात रे?"

रोशनी हसायची, मितेशही हसायचा. घर सुखात होतं.

त्या वर्षीचा हंगाम त्याचा फार चांगला गेला. क्लबने सांगितलं, जुलैमध्ये ये, तपासणी झाली की पुढच्या दोन वर्षांचा करार करू. एकच बजावलं होतं: सुट्टीत बाहेर कुठेही सामना खेळायचा नाही.

तो मे महिन्यात गावी आला, आणि मे महिन्यात आमच्याकडे गावागावांचे सामने असतात. भात काढून रिकाम्या झालेल्या शेतांतले बांध मोडतात, गोलपोस्ट रोवतात, आणि सगळं गाव कडेने बसतं. जिंकणाऱ्याला बक्षीस बोकड. तो बोकड दिवसभर गोलपोस्टमागे बांधलेला असतो, गळ्यात झेंडूची माळ घालून. त्या वर्षी आमचं गाव अंतिम सामन्यात पोचलं होतं.

आदल्या संध्याकाळी बळीरामकाका चार माणसं घेऊन ओटीवर आले. काशीरामांचे चुलतभाऊ. सामन्यांची सगळी उठाठेव तेच करायचे.

"काय मितेशराव, उद्या खेळायचं ना? का पायाचा विमा काढलाय?"

मितेश खाली बघत बसला. मी आतल्या खोलीत उघड्या बॅगेत होतो, पण दारातून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

"क्लबला चालत नाही, काका," रोशनी बोलली.

"क्लब आता आला गं. ह्याच मातीत पोरगा शिकला, तवा क्लब कुठं होता? आता माती टोचते काय?"

"त्याला तपासणी द्यायची आहे. पाय दुखावला तर?"

"अर्धा तास खेळंल, मग काढू त्याला. आपलाच पोरगा हाय, आमी काय वैरी हाव?" मग काका काशीरामांकडे वळले. "काशा, तू सांग. उद्या पलीकडचे म्हनतील, यांचा मोठा खेळाडू घरात लपून बसला."

काशीराम म्हणाले, "अर्धा तासच तर हाय."

मितेश अजूनही काही बोलला नव्हता. काकांनी मांडीवर थाप मारली. "बघा, तयार झाला."

सकाळी फेबियन सर सायकलवरून आले. "पोरा, ऐक माझं. आत्ता निघ, मामाकडे जा, कुठेही जा. मी सांगतो ताप आलाय म्हणून." मितेश म्हणाला, "सगळे थांबलेत, सर." आणि त्याने मला बांधलं.

अर्ध्या तासाने कुणी त्याला काढलं नाही. बरोबरी होती. कसं काढतील?

आता काय झालं ते नीट ऐका. कुणी लाथ मारली नाही. लाथ मारली असती तर मी होतो ना. मितेश बॉल घेऊन वळला आणि त्याचा डावा बूट सुकलेल्या जमिनीच्या भेगेत अडकला. शरीर फिरलं, पाय तिथेच राहिला. वर काहीतरी तुटल्याचा आवाज मला आला. ओली दोरी तुटावी तसा. गुडघ्याच्या चार बोटं खाली माझी हद्द संपते. माझ्यावर साधा ओरखडाही नव्हता.

सामना आमच्या गावाने जिंकला. मितेशला खुर्चीत बसवून, पाय पुढे पसरलेला, हातात बोकडाची दोरी दिली आणि फोटो काढला. काकांनी तो अभिमानाने मोबाइलवरून सगळीकडे पाठवला. त्या दिवशी गावाने मटण खाल्लं. मितेशच्या घरी काळजाची वाटी आली, आठवणीने, मानाची म्हणून.

रोशनी दवाखान्यात न्यायचं म्हणत होती. काकांनी समजावलं, "दवाखान्यात गेलं की फोटो निघतात आतले, कागद होतात. क्लबला कळलं तर करार गेला. आपला हाड बसवनारा हाय ना." मितेश तेव्हाही गप्प होता. हाड बसवणाऱ्याने गुडघा दाबला, ओढला, पाला बांधला आणि सांगितलं, हाड जागेवर आहे. हाड जागेवर होतंच. तुटलं होतं ते हाड नव्हतं, गुडघ्याच्या आतला स्नायुबंध होता.

सूज उतरली. जुलैमध्ये तो गोव्याला गेला आणि पहिल्याच सरावात वळताना कोसळला. क्लबचे डॉक्टर म्हणाले, ही दुखापत जुनी आहे, त्यावर चुकीचे उपाय झालेत. कुठे लागलं? तो म्हणाला, घरी पाय घसरला. मग कुणीतरी त्याच्यासमोर मोबाइल धरला. त्यात खुर्ची होती, पाय होता, बोकड होता.

करार झाला नाही. शस्त्रक्रिया पुढे झाली, घरच्या खर्चाने. चालतो, पळतोसुद्धा. पण वळताना गुडघा दगा देतो, आणि मिडफिल्डरचं सगळं आयुष्य वळण्यात असतं.

आता तो चंदनसारच्या एका टर्फवर, तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या खोट्या गवताच्या मैदानावर, कामाला आहे. कंपनीतली माणसं रविवारी खेळायला येतात, त्यांना तो बॉल आणि संघ ओळखायची रंगीत बनियनं वाटतो. कधी एखादा विचारतो, "भाऊ, एक माणूस कमी आहे, येतोस का? जमतं का थोडंफार?" तो मान हलवतो आणि जाळी ओढून घेतो.

गावात कुणी त्याला वाईट बोलत नाही. नशीब म्हणतात. मला त्याचाच राग येतो. फसवलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या. सगळ्यांनी प्रेमाने बोलावलं, प्रेमाने खेळवलं, प्रेमाने काळीज पाठवलं.

यंदा मे महिन्यात काका पुन्हा आले. "मितेश, पाच मिन्टं उभा राहा नुसता. पळू नको. तू दिसलास की पोरांना जोर येतो."

मितेशने वर बघितलं. "नाही, काका."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. काका उठले, चप्पल घालता घालता बरोबरच्यांना म्हणाले, "पाय गेला तरी माज गेला नाय पोराचा."

आत काशीराम बसले होते. या वेळी 'पाच मिन्टंच तर हाय' असं ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मितेशने मला आणि माझ्या जोडीदाराला धुतलं, उन्हात वाळवलं आणि फेबियन सरांच्या हातात दिलं. आता आम्ही सरांच्या पत्र्याच्या पेटीत आहोत. पट्टा सैल झालाय, अस्तर फाटलंय, पण प्लास्टिक अजून मजबूत आहे. कुणाच्याही नडगीवर बांधा, लाथांचं मी बघून घेईन. पण त्या पोराला खेळायला बोलवाल तेव्हा क्षणभर थांबा आणि त्याच्या तोंडून उत्तर येऊ द्या. तो गप्प बसला, तर त्याला 'हो' समजू नका.