गळा राखायचं वर्ष

आमच्या महाडच्या चर्चच्या गायकवृंदात बाई नव्हती. आठ पुरुष, पाच मुलगे आणि पेटीवर मी, सयाजी मास्तर. गोऱ्या पाद्र्यांच्या काळापासूनची ही रीत. ती सांभाळायला मला कुणी नेमलं नव्हतं, पण मी आपला लष्कराच्या भाकऱ्या भाजत होतो. कुणाचा एक सूर चुकला की मी पेटी बंद करून उठे. पोरं मला घाबरत, थोरली मंडळी मागून नावं ठेवत.

दीपक माझा भाचा. माझी विधवा बहीण आवडी पोलादपूरला राहायची आणि दर रविवारी पहिल्या एसटीने मायलेक येत. तो पांढरा झगा घालून पुढच्या रांगेत उभा राही, ती तिसऱ्या बाकावर बसे. सगळी गीतं त्याला तिनेच चुलीपुढे शिकवली होती. त्यातलं मेंढपाळाचं गीत तो एकटा सुरू करायचा, तेव्हा आवडी डोळे मिटून ओठ हलवायची. खरं सांगतो, असा गळा मी दुसरा ऐकला नाही.

१९९८च्या ईस्टरला त्याच गीतात त्याचा आवाज फाटला. तेरा वर्षांचं पोर, कधीतरी हे व्हायचंच होतं. आमचा नियम असा, की आवाज फुटला की मुलाने झगा घडी करून परत द्यायचा आणि या ईस्टरपासून पुढल्या ईस्टरपर्यंत गळा राखायचा. चर्चमध्ये गायचं नाही, घरी नाही, न्हाणीत गुणगुणायचंसुद्धा नाही. मग थोरल्यांच्या रांगेत उभं राहायचं. मी स्वतः त्या वयात एका लग्नात हौसेने गायलो आणि गळ्याचं मातेरं करून बसलो. म्हणून दीपककडून मी सगळ्यांदेखत हातावर हात ठेवून वचन घेतलं.

पावसाळ्यानंतर आवडी आजारी पडली. पोटात गाठ होती. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं. डिसेंबरात मी भेटायला गेलो, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

"दादा, एकदा गाऊ दे त्याला," ती म्हणाली. "मी इचारलं, तर बोलतो मामांना वचन दिलंय. तू सांगितलंस तर गाईल. माजा काय भरवसा नाय आता."

दीपक दारात उभा राहून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी फक्त हो म्हणायचं होतं. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं मंडळी म्हणतील याची मला धास्ती. मरणाच्या दारातल्या बहिणीपुढे मला मंडळींची पडली होती, याची लाज मला आजही वाटते.

"तीन-चार महिन्यांचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो. "ईस्टरला पहिलं गीत तोच गाईल. तू तिसऱ्या बाकावर बसून ऐक."

ती हसली. "लहानपणापासून असाच हायस रे दादा," म्हणाली आणि मला चहा करायला दीपकला आत पाठवलं.

फेब्रुवारी संपता संपता ती गेली.

पोलादपूरला तिच्या कबरीपाशी सगळा गायकवृंद आला होता. दुपारचं ऊन डोक्यावर होतं. मी पेटी नेली होती. मी दीपकला जवळ बोलावलं.

"मेंढपाळाचं गीत सुरू कर, बाळा. आईसाठी."

त्याला मिसरूड फुटू लागली होती. त्याने शवपेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"मामा, ईस्टरला अजून पाच आठवडे हायत."

आठही पुरुष खाली मान घालून उभे राहिले. शेवटी ते गीत मीच सुरू केलं, माझ्या त्या फाटक्या गळ्याने. दीपक माझ्या शेजारी ओठ घट्ट मिटून उभा होता.