दिव्यावरची पट्टी

आमच्या घरात सगळ्यांत जास्त लाड कोणाचे होत असतील, तर ते गाडीच्या बॉनेटचे. आमचे हे सकाळी उठले की आधी त्यावर हात फिरवायचे, मग आईची रात्र कशी गेली ते विचारायचे. कधी कधी विचारायचं राहूनही जायचं. बॉनेटचं मात्र कधी राहिलं नाही.

गाडी सासऱ्यांची. कंपनीने ते मॉडेल काढणं कधीच बंद केलं होतं, पण आमची गाडी चालू होती, कारण सासरे तिच्यामागे चिकाटीने लागलेले असत. रविवारी सकाळी कांडी काढून ऑइल बघायचं, रेडिएटरमधलं पाणी बघायचं, टायरची हवा तपासायची, बॅटरीच्या टोकांवर धरलेली पांढरी बुरशी खरवडायची. मी शेजारी टॉर्च धरून उभी. गाडी चालवायलाही मी त्यांच्याकडूनच शिकले. गप्पा नाहीत, बढाया नाहीत. मन लावून जप करावा तसं ते काम चालायचं. गाडी धुवायची त्यांना फारशी हौस नव्हती. तिच्यावर धूळ असे, पण किल्ली फिरवली की ती पहिल्या हाकेला ओ द्यायची.

ते गेले आणि गाडी ह्यांच्या ताब्यात आली. मग तिचं भाग्य उजळलं, म्हणजे वरून उजळलं. पॉलिशच्या डब्या आल्या, मऊ फडकी आली. छताचं फडकं दाराला लावलेलं ह्यांना खपत नसे. इंजिनाला चंदेरी रंग दिला, तोही स्वतःच्या हाताने. सीटना नवी कव्हरं चढली. ऑइल किती काळं झालंय ते बघायला कोणाला सवड नव्हती. दिवा घासून लख्ख ठेवायचा आणि त्यात तेल घालायचं नाही, असा प्रकार. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ आहे, तिथे हे नेमाने जायचे. मी एकदा गेले होते. सगळे एकमेकांच्या बॉनेटमध्ये आपापली तोंडं बघत होते.

मला गाडीच्या तोंडाशी कर्तव्य नव्हतं. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. हल्लीच्या उंच गाड्यांत त्यांना चढवायचं म्हणजे दोघांनी उचलायचं, आणि त्या कळवळतात. ह्या गाडीची सीट खाली, दार रुंद. त्या टेकतात आणि हळूच पाय आत घेतात. दुसरी गाडी घेण्याची आमची ऐपत नाही. ही बंद पडली तर त्यांची वारंवार उचलबांगडी होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ह्यांनाही.

म्हणून मी सर्व्हिसिंगचं काढायची. रेडिएटरमधलं कूलंट बदलायला झालंय, पाण्याचे रबरी पाइप जुने झालेत, इंजिनाचा पट्टा एकदा दाखवून घ्या. हे म्हणायचे, लोण्यासारखी चालतेय, चालत्या गाडीला कशाला हात लावायचा. मेकॅनिकही त्यांच्याच माळेतला मणी. बॉनेट उघडायचा, नळाचं पाणी ओतायचा आणि साहेब, चमक काय ठेवलीय, असं म्हणून बंद करायचा. एवढ्यावर हे दोन दिवस खूश असायचे.

त्या दिवशी डायलिसिस आटोपून आम्ही परत निघालो होतो. सासूबाई पुढच्या सीटवर, पिळून काढलेल्या कपड्यासारख्या दमलेल्या. मी मागे. चढ लागला आणि गाडीला धाप लागली. करपल्यासारखा वास आला. मी म्हटलं, जरा थांबवा. हे म्हणाले, समोरच्या ट्रकचा वास आहे. मग बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. ती ट्रकची आहे असं म्हणणं त्यांनाही जमेना.

गाडी कडेला घेतली. हे उतरले आणि पहिल्यांदा काय केलं, तर बॉनेटवर वाकून रंगाला फोड आलेत का ते बघितलं. आई आत बसली होती. हे मात्र रंगावरचे फोड शोधत होते.

मी पुढे वाकून डॅशबोर्डकडे पाहिलं. सगळे आकडे, सगळ्या खुणा जागच्या जागी, फक्त एका कोपऱ्यात काळ्या चिकटपट्टीचा तुकडा. कोपरे कात्रीने गोल केलेले, बसवलाही अगदी सफाईने. मी नखाने तो उचलला. खाली इंजिन तापल्याचा लाल दिवा पेटलेला होता. कोण जाणे कधीपासून तो बिचारा झाकणाखाली ओरडत होता.

सासूबाईंनी मान वळवून बघितलं. खिडकीतून ह्यांना विचारलं, “हे काय रे?”

“तो दिवा खराब आहे गं आई. उगाच लागतो. मंडळात सगळ्यांसमोर बरं दिसत नाही.”

तेवढ्यात ह्यांनी बॉनेट उघडलं आणि हातातलं मऊ फडकं रेडिएटरच्या झाकणावर ठेवलं. मी दार उघडून बाहेर आले.

“अहो, हात लावू नका. उकळतं पाणी तोंडावर येईल. निवू द्या.”

माझा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. पण त्यांनी हात काढला. मग सावली शोधून रस्त्याकडेला आम्ही दोघं बसून राहिलो. सासूबाई गाडीतच डोळे मिटून ऊन सोसत होत्या, कारण त्यांना उतरवून पुन्हा बसवण्याचं त्राण कोणातच नव्हतं. इंजिन निवल्यावर मी झाकण फडक्याने थोडं थोडं सैल केलं, प्यायच्या बाटलीतलं पाणी हळूहळू घातलं आणि थांबत थांबत मीच गाडी चालवत गॅरेजपर्यंत आणली. रबरी पाइप चिरला होता. आत कूलंट नव्हतंच, गंजाचं तांबडं पाणी होतं. इंजिन वाचलं. मेकॅनिक म्हणाला, नशीब चांगलं. चमकेबद्दल तो त्या दिवशी काही बोलला नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी ह्यांना खाटेजवळ बोलावलं. किल्ली हिच्याकडे दे, म्हणाल्या. हे हसले. “आई, हिला गाडीतलं काय कळतं?”

“तिला रोज तेच तेच करायचा कंटाळा येत नाही. मला तेवढं पुरे आहे.”

पाइप बदलले, ऑइल बदललं, पट्टाही नवा बसवला. मंडळात ह्यांनी सांगितलं म्हणे, की नुसत्या आवाजावरून त्यांनी दुखणं ओळखलं आणि इंजिन वाचवलं. लोकांनी माना डोलावल्या. डोलावू देत.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी मी कांडी बघितली, पाणी बघितलं, हात पुसले. सासूबाई टेकल्या, पाय आत घेतले. गाडीवर धुळीचा पातळ थर होता. हे इस्त्रीचा शर्ट घालून सवयीने स्टिअरिंगच्या बाजूच्या दाराशी येऊन उभे राहिले.

“मागे बस,” सासूबाई म्हणाल्या.

ते मागे बसले. बसण्याआधी दाराच्या मुठीवरची धूळ तेवढी बोटाने पुसली.