नकाराचा सराव

अडुसष्ट साली, फर्निचरचा कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात, एका सकाळी इंग्रजीच्या बाईंनी खडू मोडला आणि अर्धा तुकडा खिडकीजवळच्या बाकाकडे रोखला.

"हॅव यू ईटन?"

"येस बाई, आय हॅव ईटन." काडी पुरती उभी राहायच्या आतच बोलून मोकळी झाली.

"सावकाश गं. गाडी सुटतेय का?"

वर्ग हसला. शेजारी बसलेली बनपाव सगळ्यांत मोठ्याने हसली. काडी हे नाव तिनेच ठेवलेलं. स्वतः बेकरीवाल्याची मुलगी, अंगाने भरलेली, म्हणून वर्गाने तिला बनपाव केलं होतं आणि ते नाव ती बक्षीस मिळाल्यासारखी मिरवायची. काडीला ती डोळ्यांसमोर नको असे. पण बाक बाईंनी ठरवून दिलेला, त्याला इलाज नव्हता.

पूर्ण वर्तमानकाळ चालू होता. "काम कधीच झालं, पण त्यातलं काहीतरी आत्ता आपल्याजवळ उरलंय, असा हा काळ," बाई सांगत. "जेवण सकाळी झालं, पोट मात्र अजून भरलेलं आहे. कळलं?" मग रोज पहिल्या तासाला त्या बाकाबाकावर जाऊन हाच प्रश्न विचारत आणि मुली हेच उत्तर देत.

काडीचं उत्तर व्याकरणात चोख होतं. एरवी साफ खोटं. सकाळी घरात बिनदुधाच्या चहापलीकडे काही नसे. तिचे बाबा कारखान्यात लाकूड कातणारे कातारी होते. खुर्च्यांचे पाय त्यांच्या हातून असे उतरत की बोट फिरवत राहावंसं वाटे. आता ते दिवसभर दाराशी बसून हत्यारांना धार लावत. मामाने आणलेली धान्याची पिशवी त्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवली होती आणि मुलीला बजावलं होतं, "ज्या दिवशी कुणी कीव येऊन तुझ्या हातावर काही ठेवील, त्या दिवशी तुझी शाळा बंद." बाबा उगाच बोलत नसत.

त्या दिवशी बाईंनी तिला फळ्यावर वाक्य लिहायला बोलावलं. निम्मं वाक्य झालं आणि फळा जागचा हलला. तिने चौकट घट्ट धरली.

"बरं वाटत नाही का गं?"

"रात्री झोप झाली नाही, बाई."

जागेवर येऊन बसली तेव्हा बनपाव तिच्याकडे टक लावून बघत होती.

सोमवारी बाई आल्या तेव्हा टेबलावर एक फुगलेली कापडी पिशवी होती.

"आजपासून नकाराचा सराव. होकार पुष्कळ झाला. प्रत्येकीने म्हणायचं, आय हॅव नॉट ईटन येट."

"पण बाई, मी खाऊन आलेय!" मागून कुणीतरी ओरडली.

"मी तुझ्या पोटाची चौकशी करत नाहीये. वाक्य म्हण."

बाकामागून बाक उठू लागला. बनपावची पाळी आली. ती हात जोडून, डोळे मिटून, रडवेल्या आवाजात म्हणाली, "आय हॅव नॉट ईटन येट."

"बाई, हिच्या फ्रॉकवर पावाचा चुरा आहे!" पुढच्या बाकावरची किंचाळली. वर्ग खो खो हसत सुटला.

"बाई, व्याकरणात खोटं चालतं ना?" बनपावने फ्रॉक झटकत विचारलं.

"चालतं. तेवढी सोय असते त्यात," बाई म्हणाल्या. "पुढची."

हसण्याचा गलबला अजून ओसरला नव्हता. त्यातच काडी उभी राहिली आणि म्हणाली, "आय हॅव नॉट ईटन येट." इतके दिवस घशात अडकलेली गोष्ट ती चारचौघींत, मोठ्याने बोलली होती, आणि एकाही मुलीने वळून पाहिलं नव्हतं.

बाईंनी पिशवी उघडली. "आता होकार. पण माझ्या वर्गात खाल्ल्याशिवाय कुणी आय हॅव ईटन म्हणायचं नाही. एकेक बन घ्या आणि पुढे द्या."

संध्याकाळी काडीच्या तोंडून ते बनचं घरी निसटलं. आईचा हात जागच्या जागी थांबला. बाबांनी पटाशी खाली ठेवली.

"सगळ्यांना दिले?"

"सगळ्यांना."

"तुला आधी?"

"नाही. आमचा बाक चौथा."

बाबांनी पटाशी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "बाक कसे आहेत तुमचे?"

"डुगडुगतात."

रविवारी ते हत्यारांची पेटी घेऊन शाळेत गेले. त्या एका वर्गातला एकही बाक पुढे कधी डुगडुगला नाही.

हिवाळा सरत आला तरी वर्ग त्याच काळात अडकलेला. मोठ्या बाई एकदा दारात येऊन उभ्या राहिल्या. "अहो, पुढे सरकणार आहात की नाही? परीक्षा तोंडावर आलीय."

"काय करू हो? माझ्या मुलींना हा काळ फार जड जातोय," बाई म्हणाल्या. मुली तोंडं भरलेली असल्यामुळे गप्प होत्या.

कारखाना उन्हाळ्यात सुरू झाला. बाबा पुढे वीस वर्षं तिथेच राहिले आणि मानाने निवृत्त झाले. आई त्यांच्यानंतरही पुष्कळ जगली. मोठ्या बाई बदलून गेल्या. काडी टेलिफोनच्या नोकरीत लागली, दूरच्या शहरात परदेशी फोन जोडता जोडता चांगली जाडजूड झाली आणि नातवंडांची आजी झाली. एकदा गावी आली तेव्हा ती बाईंना भेटायला गेली. बाई भाचीकडे राहत होत्या, ऐंशी ओलांडलेल्या. भाचीने आग्रह करकरून जेवू घातलं. मग काडीने बाईंचे हात हातात घेतले आणि इतकी वर्षं बोलायचं राहिलेलं बोलली.

बाईंनी मान हलवली.

"मला कुठे कळलं होतं गं? तुझं उत्तर इतकं चोख असायचं! ती बेकरीवाल्यांची तुझ्या शेजारची, ती घरी आली होती माझ्या. म्हणाली, बन मी आणते, पण तिला एकटीला देऊ नका, ती घेणार नाही. रोज पहाटे वडिलांच्या हाताखाली राबून मिळवायची ती पिशवी. स्वतः पावाला शिवत नसे. वासाने मळमळतं म्हणायची."

बेकरी होती तिथेच होती. गल्ल्यावर पांढऱ्या केसांची, अजूनही अंगाने भरलेली बाई बसली होती. तिने चष्मा वर केला, खाली केला.

"काडी? अगं, तुला काडी म्हणायची सोय नाही राहिली!" ती गल्ल्यामागून उठून बाहेर आली, हाताचं पीठ पदराला पुसत. "अशी उभी काय? खाल्लंस का काही?"

काडीचं पोट गच्च भरलेलं होतं. तिने बाकड्यावर बसून घेतलं आणि वर्गात म्हणायची तसं, स्पष्ट म्हटलं,

"आय हॅव नॉट ईटन येट."