बघा, बंद नाही पडली

मित्रांनो, मी मोटार शिकवण्याच्या शाळेतली एक जुनी गाडी आहे. कारखान्यातून आले तेव्हा कशी नवी कोरी होते! पण नशिबी आली शिकाऊ मंडळी. कुणी एवढी रेस द्यायचं की मी बोंबलत सुटायचे. कुणी क्लच झटकन सोडायचं, की मी आचका देऊन बंद पडायचे.

मास्तर मात्र देवमाणूस. शिकणाऱ्याला आधी चप्पल काढायला लावत. "उघड्या पायाला कळतं," म्हणत. "इंजिनाचा आवाज जरा भरू दे. मग क्लच हळू सोड. गाडी थरथरली की पाय तिथंच धर आणि हँडब्रेक काढ. ती आपणहून निघते." गाडी बंद पडली तर म्हणत, "पुन्हा लाव." कधी कुणाला हसले नाहीत.

हसले ते फक्त बायकोला. बाई एकदा मोठ्या हौसेनं माझ्यात बसल्या. मी बंद पडले, पुन्हा पडले. शिकणारी पोरं फिदीफिदी हसली. मास्तरही हसून म्हणाले, "राहू दे गं, तुझं काम नव्हे ते!" बाई चपला हातात घेऊन उतरल्या. नंतर त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एका सकाळी मास्तरांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका काही येईना. बाईंनी त्यांना कसंबसं शेजारच्या सीटवर बसवलं, चपला भिरकावल्या आणि चावी फिरवली. मी बंद पडले. पुन्हा बंद. जीव तोडत होते हो मी, पण क्लच सुटला की माझं काही चालत नाही!

"अहो, सांगा ना!" बाई रडू लागल्या.

"आवाज... भरू दे," मास्तर पुटपुटले. "हळू... तिथंच धर."

मी थरथरले. हँडब्रेक निघाला आणि मी अलगद निघाले.

"जमलं की गं तुला," मास्तर म्हणाले. तेच शेवटचं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

शाळा आता बंद आहे. माझ्यावर धूळ साचते. बाई मात्र रोज सकाळी चपला काढून बसतात, मला फाटकापर्यंत नेतात आणि रिकाम्या सीटकडे बघून म्हणतात, "बघा, बंद नाही पडली."

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. आपल्या माणसाची गाडी बंद पडली तर हसू नका रे. "पुन्हा लाव" म्हणा. मास्तर त्या पहिल्या दिवशी हसण्याऐवजी तेवढं म्हणाले असते, तर आम्ही वेळेवर पोचलो असतो.